बॉनेटाखालचें बळ
(नभोवाणीवरील भाषण)

मोटारगाडी आतां आपल्या इतक्या परिचयाची झाली आहे कीं, तिच्या बॉनेटाखालीं काय चाललें आहे याचा विचार करण्याचें कारण आपणांस क्वचितच पडतें. गाडी चालते आहे तोंवर झांकण मिटलेलें असतें, आणि तें उघडण्याचा प्रसंग आलाच तर तो बहुधा गाडी बंद पडली म्हणूनच येतो. परंतु अमेरिकेंत असा एक वर्ग गेलीं नव्वद वर्षें नांदत आला आहे कीं, जो चांगली चालती गाडी घरीं आणून प्रथम तिचें झांकण उघडतो, आणि कारखान्यानें दिलेलें इंजिन अधिक बलवान् कसें करतां येईल या विचारांत पडतो. तेथें ज्यांना 'मसल कार' म्हणजे पिळदार स्नायूंच्या गाड्या म्हणतात, त्या बलदंड मोटारी या वर्गाच्या हौसेंतूनच जन्मास आल्या. आज अशा गाडीचा मालक इंजिनासाठीं नवीं साधनें निवडावयास बसतो तेव्हां त्याच्यापुढें शेंकडों वस्तूंची यादी असते. त्यांतील काय घ्यावें आणि काय सोडावें, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ बाजारहाटाचा वाटतो. परंतु त्याचें उत्तर मिळतें तें इतिहासांत. तो इतिहास थोडक्यांत आपणांपुढें मांडावा, असा आज माझा विचार आहे.

आरंभीं एक मूलतत्त्व सांगितलें पाहिजे, म्हणजे पुढील कथा समजण्यास अडचण पडणार नाहीं. मोटारीला पेट्रोल पाजलें कीं तिला शक्ति येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. लोहाराच्या भट्टींत कोळसा कितीही ओतला तरी भाता हालल्याशिवाय लोखंड लाल होत नाहीं. इंजिनाचेंहि तसेंच आहे. एक किलो पेट्रोल पूर्णपणें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. हेंच रोजच्या मापांत सांगावयाचें तर एक लिटर पेट्रोलसाठीं इंजिनाला सुमारें नऊ हजार लिटर हवा आंत ओढून घ्यावी लागते. पेट्रोल अधिक देणें सोपें आहे. तोटी मोठी केली कीं काम झालें. कठिण आहे तें एवढी हवा क्षणार्धांत आंत नेणें, आणि ज्वलन झाल्यावर ती तितक्याच त्वरेनें बाहेर घालविणें. म्हणून इंजिन हें वस्तुतः श्वासोच्छ्वास करणारें यंत्र होय. आणि त्याचें बळ वाढविण्याच्या ज्या युक्त्या आजवर निघाल्या, त्या बहुतेक सर्व त्याचा श्वास मोकळा करण्याच्याच युक्त्या आहेत.

आपल्या कथेचा आरंभ १९३२ सालीं होतो. त्या वर्षीं हेन्री फोर्ड यांनीं आठ सिलिंडरांचें, इंग्रजी 'व्ही' अक्षराच्या आकाराचें इंजिन सामान्य मनुष्याला परवडेल अशा गाडींत बसविलें. तशीं इंजिनें पूर्वीं नव्हतीं असें नाहीं. परंतु तीं बहुधा श्रीमंतांच्या वाहनांत दिसत. फोर्ड यांच्या कारागिरांनीं इंजिनाचा सगळा ठोकळा एकाच ओतकामांत घडविण्याची अवघड कला साध्य केली आणि किंमत खालीं आणली. २२१ घनइंच, म्हणजे सुमारें ३.६ लिटर मापाच्या या इंजिनाची शक्ति ६५ अश्वशक्ति होती. आज हा आंकडा ऐकून कोणास हंसूं येईल. परंतु मंदीनें गांजलेल्या त्या काळीं स्वस्त गाडींत एवढें बळ मिळणें ही मोठीच गोष्ट होती. पुढें चार-सहा वर्षांत या गाड्या जुन्या बाजारांत आणखी स्वस्त झाल्या, आणि दक्षिण कॅलिफोर्नियांतील तरुणांच्या हातीं पडल्या.

लॉस एंजेलिस शहराच्या उत्तरेस मोहावी नांवाचें वाळवंट आहे. तेथें म्यूरॉक, एल मिराज अशीं कोरडीं सरोवरें आहेत. पाणी आटून तळाची माती अशी कांहीं सपाट आणि टणक झालेली असते कीं, मैलचे मैल गाडी कितीही वेगानें पिटाळावी. हे तरुण आठवडाभर काम करून सुटीच्या दिवशीं तेथें जमत, आपल्या गाडीचीं मडगार्डें, दिवे, कांचा काढून टाकीत, आणि ठराविक अंतर कापण्यास किती वेळ लागतो तें घड्याळ लावून पाहत. १९३७ सालीं त्यांनीं 'सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन' नांवाची संस्थाहि स्थापन केली. या संस्थेच्या नांवांत शर्यत हा शब्द नाहीं. वेळ मोजणें हा आहे. यांत या चळवळीचें मर्म आहे. कोणी कितीही फुशारकी मारली कीं माझी युक्ति अजब आहे, तरी तिचा न्याय घड्याळ करी. ज्या सुधारणेनें वेळ कमी झाला ती खरी, बाकीच्या सर्व बोलाच्या. पुढें म्यूरॉकचें तें सरोवर लष्कराच्या ताब्यांत गेलें आणि तेथें आज एडवर्ड्‌स हा प्रसिद्ध विमानतळ आहे. परंतु घड्याळाची ती शिस्त मात्र टिकून राहिली.

या तरुणांनीं फोर्डच्या इंजिनांत प्रथम काय बदललें? कॅन्सासहून नशीब काढण्यासाठीं कॅलिफोर्नियांत आलेले व्हिक एडेलब्रॉक नांवाचे एक गॅरेजवाले होते. मूळ इंजिनाला एकच कार्ब्युरेटर असे, आणि त्यांतून आलेली हवा व पेट्रोल यांचें मिश्रण अरुंद वाटांनीं आठ सिलिंडरांपर्यंत पोंचे. ज्या नळकांड्यांतून हें वांटप होतें त्याला मॅनिफोल्ड म्हणतात. एडेलब्रॉक यांनीं १९३८ सालीं दोन कार्ब्युरेटर बसतील असें, अधिक मोकळ्या वाटांचें मॅनिफोल्ड स्वतः तयार केलें आणि आपल्या १९३२ च्या फोर्ड गाडीवर बसविलें. त्या गाडीनें १९४१ सालीं ताशीं १२१ मैलांचा वेग गांठला. घड्याळानें साक्ष दिल्यावर गिऱ्हाइकें आपण होऊन आलीं, आणि गाडीला जोडावयाचीं वेगाचीं साधनें विकण्याचा एक नवाच धंदा उभा राहिला.

दुसरी सुधारणा झडपांची. इंजिनाच्या नाकपुड्या केव्हां उघडाव्या, किती उघडाव्या आणि किती वेळ उघड्या ठेवाव्या हें ठरविणारा एक दांडा असतो, त्यास कॅमशाफ्ट म्हणतात. त्यावरील उंचवट्यांचा आकार घासून बदलला म्हणजे इंजिनाची श्वास घेण्याची रीत बदलते. दुसऱ्या महायुद्धानंतर एड इस्केंडेरियन यांच्यासारख्या कसबी माणसांनीं हें घासकाम शास्त्राच्या पदवीस नेलें. परंतु येथेंच एक धडाहि मिळाला. झडपा फार वेळ उघड्या ठेवल्या तर इंजिन जोरांत फिरतांना भरपूर हवा घेतें, पण हळू फिरतांना अडखळतें, धापा टाकतें आणि पेट्रोल वायां घालवितें. सरोवरावर जी गाडी वाऱ्यासारखी पळे, ती शहरांतील चौकांत उभी राहिली कीं बंद पडे. सारांश, बळ सर्व ठिकाणीं सारखें वाढत नाहीं. एका टोकाला जें मिळवावें त्यांतील कांहीं दुसऱ्या टोकाला द्यावें लागतें. आणि म्हणून गाडी कोठें व कशी चालवावयाची, हें आधीं ठरविल्याशिवाय कोणतें साधन उत्तम याला उत्तरच नाहीं.

तिसरी गोष्ट उष्णतेची. फोर्डच्या त्या इंजिनांत झडपा सिलिंडरांच्या बाजूला ठोकळ्यांतच बसविलेल्या होत्या, आणि जळालेला वायु ठोकळ्याच्या पोटांतूनच वाट काढीत बाहेर पडे. त्यामुळें थंड ठेवण्यासाठीं फिरविलेलें पाणी उलट तापत असे. बळ जितकें वाढवावें तितकी उष्णता वाढे आणि शेवटीं रेडिएटरला उकळी फुटे. झोरा आर्कस-डुन्टोव्ह या इंजिनिअरांनीं १९४७ च्या सुमारास यावर उपाय काढला. त्यांनीं झडपा सिलिंडरांच्या डोक्यावर नेल्या आणि तीं डोकीं ॲल्युमिनियमचीं केलीं. मौज अशी कीं, हीं साधनें त्यांनीं शर्यतीसाठीं केलींच नव्हतीं. भार ओढतांना तापणाऱ्या मालमोटारींसाठीं केलीं होतीं. परंतु वेगवाल्यांनीं तीं तत्काळ उचललीं. इंजिन थंड ठेवणें आणि इंजिनाचें बळ वाढविणें हीं दोन कामें नसून एकच आहे, हें त्यांनीं बरोबर ओळखलें होतें.

चौथें साधन साक्षात् भाताच होय. इंडियाना प्रांतांतील रूट्स नांवाच्या दोन बंधूंनीं १८६० च्या सुमारास एकमेकांत गुंतून फिरणाऱ्या दोन पाकळ्यांचा हवा ढकलणारा पंप काढला. तो पुढें लोखंडाच्या भट्ट्यांना वारा घालण्यासाठीं वापरांत आला. जनरल मोटर्स कंपनीनें १९३८ पासून आपल्या डीझेल इंजिनांवर त्याच जातीचा पंप बसविला. हीं इंजिनें मालमोटारींना, बसगाड्यांना आणि युद्धकाळीं सैन्य किनाऱ्यावर उतरविणाऱ्या होड्यांना लागत. युद्ध संपल्यावर हे पंप मोडीच्या बाजारांत मिळूं लागले, आणि वेगवाल्यांनीं ते पेट्रोलच्या इंजिनावर चढविले. त्यांतील प्रसिद्ध पंपाचें नांव 'सिक्स सेव्हंटीवन', म्हणजे ७१ घनइंचांच्या सहा सिलिंडरांच्या डीझेलला लागणारा. इंजिनाला स्वतः श्वास ओढूं देण्याऐवजीं त्याच्या नाकांत हवा कोंबावयाची, अशी ही युक्ति. तिलाच सुपरचार्जर म्हणतात. बळ यानें एकदम वाढतें, परंतु दाबलेली हवा तापते, सिलिंडरांवर ताण पडतो, आणि जो भाग अशक्त असेल तो प्रथम फुटतो.

येथवर हा सर्व उद्योग हौशी लोकांचा होता. १९४९ सालीं ओल्ड्‌समोबील कंपनीनें झडपा डोक्यावर असलेलें १३५ अश्वशक्तीचें इंजिन बाजारांत आणलें. १९५१ सालीं क्रायस्लरनें १८० अश्वशक्तीचें आणलें. १९५५ सालीं शेव्होलेटनें एड कोल यांच्या देखरेखीखालीं घडलेलें, आटोपशीर व हलकें असें प्रसिद्ध इंजिन आणलें. आतां कारखान्यांनाच या खेळाची चटक लागली. १९५७ सालीं शेव्होलेटच्या एका इंजिनानें २८३ घनइंचांतून २८३ अश्वशक्ति दिली, अशी जाहिरात झाली. त्याच वर्षीं मोटार कारखानदारांच्या संघानें शर्यतींपासून अलिप्त राहण्याचा आणि वेगाची जाहिरात न करण्याचा ठराव केला. परंतु तो ठराव पाळण्यापेक्षां त्यांतून वाट काढण्याकडेच पुष्कळांचा कल होता.

अशी वाट काढण्याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण म्हणजे १९६४ ची पॉन्टिॲक 'जी-टी-ओ' होय. मध्यम आकाराच्या गाडींत ३३० घनइंचांहून मोठें इंजिन घालूं नये असा जनरल मोटर्सचा नियम होता. पॉन्टिॲकचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरियन व त्यांचे सहकारी यांच्या ध्यानांत आलें कीं, नियम गाडीला लागू आहे, ग्राहकानें वेगळे पैसे देऊन मागितलेल्या वाढीव साहित्याला नाहीं! तेव्हां त्यांनीं ३८९ घनइंचांचें इंजिन वाढीव साहित्य म्हणून देऊं केलें. ३२५ अश्वशक्ति, आणि तीन कार्ब्युरेटर घेतल्यास ३४८. पहिल्याच वर्षीं ३२,४५० गाड्या खपल्या आणि बलदंड मोटारींचें युग सुरू झालें. मात्र या गाडीच्या चारी चाकांना ब्रेक जुन्या पद्धतीचेच, ड्रमचे होते. पळण्याचें सामर्थ्य वाढविलें. थांबण्याचें त्या मानानें वाढविलें नाहीं.

याच्या उलट उदाहरण पुढच्याच वर्षाचें आहे, आणि इंजिनासाठीं साधनें कशीं निवडावीं याचा तो मला वस्तुपाठ वाटतो. ल मान्सची शर्यत १९५९ सालीं जिंकलेले कॅरोल शेल्बी यांना फोर्ड कंपनीनें आपल्या मस्टॅंग गाडीला मर्दानी रूप देण्याचें काम दिलें. त्यांतून १९६५ ची 'जी-टी ३५०' निघाली. शेल्बी यांनीं इंजिन मोठें केलें नाहीं. २८९ घनइंचांचें मूळचेंच ठेवलें. त्यांनीं हवा आंत जाण्याचें मॅनिफोल्ड उंच आणि मोकळें केलें. त्याला साजेल असा मोठा कार्ब्युरेटर दिला. जळालेला वायु सुलभपणें बाहेर जावा म्हणून नळ्या नव्या दिल्या. वळणावर तेल एका बाजूस जाऊन इंजिन कोरडें पडूं नये म्हणून तेलाचें पात्र मोठें केलें. आणि बॉनेटाखालीं दोन्ही बाजूंचे खांब व मागची भिंत यांना जखडणारे आडवे दांडे बसविले, म्हणजे बळाच्या झटक्यानें गाडीची चौकटच लवूं नये. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक दिले. एवढ्यानें २७१ अश्वशक्तीचें इंजिन ३०६ अश्वशक्तीचें झालें. वाढ पाहिली तर ३५ ची, म्हणजे फार नाहीं. परंतु आंत येणारा श्वास, बाहेर जाणारा श्वास, तेल, चौकट आणि ब्रेक यांचा असा मेळ बसला कीं, ती गाडी शर्यतीच्या मैदानावर आपल्याहून बलवान् गाड्यांना भारी पडूं लागली.

यानंतरचीं पांच-सहा वर्षें म्हणजे आंकड्यांचा नुसता सुकाळ. १९६६ सालीं क्रायस्लरनें ४२५ अश्वशक्तीचें इंजिन रस्त्यावरील गाड्यांत दिलें. १९७० सालीं शेव्होलेटनें ४५० अश्वशक्तीचें दिलें. परंतु हे आंकडे कसे मोजीत, हें पाहण्यासारखें आहे. इंजिन गाडीबाहेर काढून, त्यावरील पंखा, विजेचें यंत्र, हवेची गाळणी, धुराड्याचा आवाज दाबणारें भांडें, असें सर्व ओझें उतरवून, तें एका ठाण्यावर बांधून फिरवीत आणि जो आंकडा येई तो जाहिरातींत छापीत. पैलवानाला अंगावरील कपडे, खिशांतील पैसे आणि पायांतील जोडे यांसह तोलावें कीं लंगोटावर, तसा हा भेद आहे. १९७२ च्या गाड्यांपासून इंजिन गाडींत बसतें त्याच थाटांत मोजण्याची पद्धति सुरू झाली. तेव्हां कॉर्व्हेट गाडीचें साधें इंजिन, जें १९७१ सालीं २७० अश्वशक्तीचें म्हणून विकलें जाई, तें जवळ जवळ तसेंच असतां २०० अश्वशक्तीचें ठरलें. ज्यांनीं आंकडा पाहून पैसे मोजले होते, त्यांच्या पदरांत काय पडलें होतें तें उघड झालें. कोरड्या सरोवरावरील तरुणांनीं घड्याळाला न्यायाधीश केलें होतें. कारखान्यांनीं त्या जागीं जाहिरातदाराला बसविलें होतें.

आतां या कथेचा दुसरा, गंभीर भाग. १९७२ सालीं अमेरिकेंतील रस्त्यांवर अपघातांनीं ५४ हजारांहून अधिक माणसें मृत्यूमुखीं पडलीं. त्या देशाच्या इतिहासांत इतका मोठा आंकडा कधींच झाला नव्हता आणि पुढेंहि झाला नाहीं. त्याचा सर्व दोष बलदंड मोटारींवर ठेवणें अन्यायाचें होईल, कारण गाड्या कितीतरी होत्या आणि त्यांतील बहुसंख्य साध्या होत्या. परंतु तरुणांच्या हातीं आलेलें हें बळ विमा कंपन्यांच्या डोळ्यांत भरलें होतें, आणि अशा गाड्यांचे हप्ते त्यांनीं भरमसाट वाढविले होते.

त्याहून विलक्षण योगायोग हवेचा. ज्या लॉस एंजेलिसमध्यें इंजिनाचा श्वास मोकळा करण्याची विद्या वाढली, त्याच शहराच्या नागरिकांचा श्वास या काळांत कोंडूं लागला. डोंगरांनीं वेढलेल्या त्या खोऱ्यावर तपकिरी धुकें बसे, डोळे झोंबत, घसा खवखवे. हॉलंडांत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनीं १९५० नंतरच्या दोन-तीन वर्षांतच दाखवून दिलें कीं, मोटारींच्या धुरांतील वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हें विषारी धुकें तयार होतें. दुसरें विष शिशाचें. इंजिनांत दाब वाढविला असतां पेट्रोल अवेळीं पेटून ठोके बसूं नयेत म्हणून त्यांत शिशाचें एक द्रव्य मिसळीत. हा शोध जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेंत टॉमस मिजली यांनीं १९२१ सालीं लावला होता. तें शिसें धुराबरोबर बाहेर पडून मुलांच्या रक्तांत उतरत होतें. इंजिन आंत किती घेतें याचा हिशेब तीस-चाळीस वर्षें झाला. तें बाहेर काय टाकतें याचा हिशेब कोणीं ठेवलाच नव्हता.

तो हिशेब १९७० च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानें मागितला. १९७१ सालीं अनेक इंजिनांतील दाब उतरविण्यांत आला. १९७३ च्या ऑक्टोबरांत अरब राष्ट्रांनीं तेल रोखलें आणि पेट्रोल-पंपांवर रांगा लागल्या. १९७५ सालीं धूर शुद्ध करणारीं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नांवाचीं पात्रें आलीं, आणि शिशानें तीं निकामी होत असल्यामुळें शिसेंविरहित पेट्रोल आवश्यक झालें. कॉर्व्हेटचें ३५० घनइंचांचें साधें इंजिन १९७५ सालीं अवघें १६५ अश्वशक्तीचें उरलें. १९७४ ची मस्टॅंग तर आठ सिलिंडरांशिवायच विक्रीस आली. बलदंड मोटारींचें युग संपलें, असेंच सर्वांस वाटलें.

तें संपलें नाहीं, याचें श्रेय एका लहानशा विजेच्या मेंदूकडे जातें. कार्ब्युरेटर हें अंदाजानें पेट्रोल देणारें भांडें; त्याच्या जागीं संगणकानें मोजून पेट्रोल शिंपडण्याची पद्धति आली. १९८६ च्या मस्टॅंगमधील ५ लिटरचें इंजिन या पद्धतीनें २०० अश्वशक्ति देई. परंतु त्या गाडीचा संगणक येणारी हवा प्रत्यक्ष मोजीत नसे. मॅनिफोल्डांतील दाबावरून ती किती असावी याचें अनुमान करी. मालकानें कॅमशाफ्ट बदलला कीं अनुमान चुके आणि गाडी बिघडे. १९८९ पासून सर्व राज्यांतील गाड्यांत, आंत येणारी हवा प्रत्यक्ष मोजणारें साधन देण्यांत आलें. आतां मालकानें श्वासाची वाट थोडीफार मोकळी केली तरी संगणक तेवढें पेट्रोल वाढवी. एका मोजमापाच्या साधनानें हौशी माणसाला पुन्हां दार उघडून दिलें. सरोवरावरच्या घड्याळाचें काम आतां बॉनेटाखालींच होऊं लागलें.

त्यापुढील प्रगति आश्चर्यकारक आहे. २०११ च्या मस्टॅंगमधील इंजिनहि ५ लिटरचेंच होतें, पण त्याची शक्ति ४१२ अश्वशक्ति होती. म्हणजे पंचवीस वर्षांत, तेवढ्याच आकारांत, अधिक स्वच्छ धुरानिशीं, दुपटीहून अधिक बळ! प्रत्येक सिलिंडरला दोनऐवजीं चार झडपा, आणि त्या उघडण्याची वेळ चालत्या इंजिनांत बदलण्याची सोय, हें त्याचें मुख्य कारण. कॅमशाफ्ट घासणाऱ्यांना जी तडजोड करावी लागे ती बरीचशी नाहींशी झाली. २०१५ सालीं डॉजच्या 'हेलकॅट' गाडींत कारखान्यानेंच सुपरचार्जर बसवून ७०७ अश्वशक्ति दिली. तिचा तो भाता पूर्ण वेगानें फिरविण्यासाठींच सुमारें ८० अश्वशक्ति खर्ची पडते. १९३२ च्या फोर्डचें संपूर्ण इंजिन ६५ चें होतें, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या आंकड्याचा अर्थ कळतो.

असा हा इतिहास पाठीशीं असतां, आजच्या बलदंड मोटारीच्या मालकानें निवड कशी करावी? पहिली गोष्ट, कारखान्याचें इंजिन आतां १९३२ सारखें कोंडलेलें नाहीं. म्हणून हवा ओढण्याची नुसती नवी नळी बसविली तर लाभ थोडाच होतो; आणि ती नळी बॉनेटाखालची तापलेली हवा ओढूं लागली तर तोटाच होतो. तीस अंशांची हवा साठ अंशांची झाली तर ती सुमारें नऊ टक्के विरळ होते, आणि तितका श्वास कमी पडतो. तेव्हां बाहेरची थंड हवा बंदिस्त वाटेनें आणणारें साधनच घ्यावें. दुसरी गोष्ट, आंतली वाट मोकळी केल्यावर बाहेरची वाट आणि संगणकांतील हिशेब या दोहोंचा मेळ घातला पाहिजे. तिहींपैकीं एकच बदलणें म्हणजे एका नाकपुडीनें धांवणें होय. तिसरी, सिलिंडरांत थेट पेट्रोल शिंपडणाऱ्या नव्या इंजिनांत झडपांवर काजळीचे थर बसतात, कारण त्यांना धुवून काढणारें पेट्रोल त्यांच्यावरून जातच नाहीं. तेथें तेलाचे कण वाटेंतच अडविणारी एक साधी डबी चकचकीत झांकणांपेक्षां अधिक हिताची. चौथी, सुपरचार्जर घ्यावयाचा तर त्याबरोबर दाबलेली हवा थंड करणारें साधन, पेट्रोलचा मोठा पंप, क्लच आणि ब्रेक यांचाहि खर्च धरावा; तेवढी ऐपत नसेल तर तोहि घेऊं नये.

आणि शेवटची गोष्ट कायद्याची. धूर शुद्ध करणारें पात्र काढून टाकलें कीं इंजिन मोकळें होतें, असें सांगणारे विक्रेते पूर्वीं होते आणि आजहि आढळतात. अमेरिकेंत ती गोष्ट बेकायदेशीर आहे. कॅलिफोर्निया राज्यांत धुराच्या व्यवस्थेवर परिणाम करणारें साधन विकावयाचें तर त्याची तपासणी होऊन त्याला मंजुरीचा क्रमांक मिळावा लागतो, आणि तो क्रमांक बॉनेटाखालीं चिकटविलेला असावा लागतो. हौशी लोकांना हा जाच वाटतो. परंतु २०११ च्या इंजिनानें दाखविलेंच आहे कीं, धूर स्वच्छ ठेवूनहि बळ दुप्पट करतां येतें. शेजाऱ्याच्या श्वासाची किंमत देऊन आपल्या गाडीचा श्वास मोकळा करण्याची गरज जर कधीं काळीं असली, तर ती आतां खास उरलेली नाहीं.

२०२३ च्या डिसेंबरांत कॅनडांतील ब्रॅम्प्टन येथील कारखान्यांतून आठ सिलिंडरांची शेवटची डॉज चॅलेंजर बाहेर पडली. मस्टॅंगनें आठ सिलिंडर सोडलेले नाहींत, तर दुसरीकडे विजेच्या बलदंड मोटारीहि रस्त्यावर आल्या आहेत. विजेच्या गाडीला श्वास नाहीं. तिच्या बॉनेटाखालीं भाता नाहीं, झडपा नाहींत, धुराडें नाहीं. तरीसुद्धां तिचें बळ वाढविणाऱ्यापुढें उष्णतेचा, वजनाचा आणि ब्रेकचा प्रश्न उभाच राहील, आणि कोणत्याही जाहिरातीपुढें त्याला तोच जुना प्रश्न विचारावा लागेल: हा आंकडा मोजला कोणीं, आणि कसा? म्यूरॉकच्या तळ्यावरील त्या तरुणांजवळ पैसा नव्हता, प्रयोगशाळा नव्हती. पण हा प्रश्न विचारण्याची संवय होती, आणि पुढच्या सर्व पिढ्यांना त्यांच्याकडून घेण्याजोगें तेंच आहे.